मेंदूच्या सुईची वेळ

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या कामातलं काहीतरी लिहा. पण सणाचे दिवस आहेत, जरा गोड लिहा." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. गोड खायला माझी हरकत नाही, शुगर अजून मला शिवलेली नाही. पण लिहायला बसले तर आठवतं ते सगळं कडूच. तेव्हा चकली-अनारशांच्या ताटात ज्यांना कडू चालत नसेल, त्यांनी इथूनच पान उलटावं. मी रागावणार नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं की आता सकाळचा चहा बसून प्यायचा. पण आमच्या गावाची रीत अशी की मोठं दुखणं नागपूरला दाखवायचं आणि निभवायचं मात्र घरी. नागपूरचा डॉक्टर चिठ्ठी देतो, माणूस गाडीत घालून परत आणतात आणि मग त्या चिठ्ठीवरच्या सुया लावायला कोणीतरी हवं असतं. मग लोकांना मी आठवते. स्कूटीच्या डिक्कीत डबा टाकून वैनगंगेच्या पुलापासून रेल्वे फाटकापर्यंत मी घरोघरी फिरते. सलाईन, ड्रेसिंग, लघवीची नळी, सगळं करते. डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय मात्र कोणाला हात लावत नाही. यावरून पुष्कळ लोक माझ्यावर रुसले आहेत आणि खुशाल रुसोत.

या फिरतीत सगळ्यात जास्त मान ज्या सुईला मिळतो, ती मेंदूची सुई. हे नाव आमच्याकडच्या लोकांनी दिलेलं. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं आणि आत असतात पेप्टाइड्स. ज्यांनी हा शब्द फक्त मोबाइलवर वाचला आहे त्यांच्यासाठी सांगते. आपल्या शरीरातलं प्रथिन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ समजा. ती तुटून चार-दहा मण्यांचे तुकडे झाले की त्यांना पेप्टाइड म्हणायचं. इन्सुलिनसुद्धा याच कुळातलं, फक्त जरा लांब. मेंदूसाठी जी सुई येते तिच्यातले तुकडे जखमी पेशींना तग धरायला मदत करतात, नवे धागे जोडायला लावतात, असं म्हणतात. "म्हणतात" हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. लकवा मारलेल्या माणसाला या सुईने किती फायदा होतो यावर मोठमोठ्या डॉक्टरांचंही एकमत नाही. कोणी लिहून देतो, कोणी हातही लावत नाही. एका डॉक्टरसाहेबांना मी सरळ विचारलं होतं. ते म्हणाले, "सिस्टर, थोडा फायदा होऊ शकतो. पण खरा फायदा रोज हातपाय हलवण्यात आणि त्याच्याशी बोलण्यात आहे. ते मी चिठ्ठीवर लिहितो, पण ते मेडिकलमध्ये मिळत नाही."

मेडिकलमध्ये मिळत नाही म्हणून लोक ते करत नाहीत. माझ्या सगळ्या कडूपणाचं मूळ इथे आहे. बापाला दिवसातून दोनदा उठवून बसव म्हटलं तर मुलाला वेळ नसतो. सुई आणायला मात्र तोच मुलगा भर उन्हात नागपूरला जाऊन येतो. येताना थर्मासमध्ये बर्फ भरून आणतो आणि कुप्या त्या बर्फात पार बुडवून आणतो. मी ओरडले की म्हणतो, "सिस्टर, जितनी थंडी उतनी अच्छी ना?" अहो, थंड जागेत ठेवा म्हणजे गोठवा नव्हे. एका घरी तर कुप्या फ्रीझरमध्ये कुल्फीच्या साच्यांजवळ ठेवल्या होत्या. काही तडकल्या आणि बाकीच्या मी फेकायला लावल्या. त्या घरातल्या सुनेने माझ्याशी बोलणं टाकलं. उलट फ्रीज नसलेल्या एका खेड्यातल्या घरी मी शिकवलं होतं की अंगणातल्या माठाला ओलं फडकं गुंडाळून डबा त्याला टेकवून ठेवा, तेवढा गारवा या औषधाला पुरतो. तिथे एकही कुपी वाया गेली नाही. हे सांगताना मला आजही बरं वाटतं, तेव्हा सांगून घेते.

आणखी एक गंमत, तीही पुरती गोड नाही. ही सुई बहुधा डुकराच्या मेंदूपासून बनवतात. एका घरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे आणि तिथल्या विसराळू झालेल्या आजींना हीच सुई लिहून दिली होती. घरच्यांनी मला दारातच अडवून सांगितलं, "सिस्टर, आईले सांगू नोका जी कशाची हाये ते." आजी रोज विचारायच्या, "काय असते वं याच्यात?" मी म्हणायचे, "ताकद असते आजी." दुसऱ्या दिवशी त्या विसरलेल्या असायच्या आणि पुन्हा विचारायच्या. मला भीती एकच होती, की औषध लागू पडलं आणि आजींना कालचा प्रश्न आठवला, तर मी काय उत्तर देणार? ती वेळ आली नाही.

आणि तो पावडरवाला! टाय लावून माझ्या घरी आला होता. डब्यात "मेंदूचे पेप्टाइड", दुधात घालून पोरांना द्यायचं म्हणजे परीक्षेत नंबर लागतो, म्हाताऱ्यांना द्यायचं म्हणजे सगळं आठवतं. तुम्ही घरोघरी जाताच, तर एजंट व्हा म्हणाला. मी त्याला विचारलं, तूरडाळ पोटात गेल्यावर तिचं जे होतं त्याहून वेगळं या तुकड्यांचं काय होणार? पोट तर सगळ्याच माळा तोडतं. तो म्हणाला, "मॅडम, लोक विचारत नाहीत." खरं बोलला तो. दार लावून घेतलं तरी हे वाक्य घरात राहिलं.

आता ज्या घरासाठी हे लिहायला घेतलं तिथे येते.

हरिभाऊ शेंडे रेल्वेत गार्ड होते. आमची छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, होती तेव्हापासूनचे. धिप्पाड माणूस, आवाज असा की फलाटाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा चहावाला वळून पाहायचा. त्यांना लकवा मारला तो उजव्या अंगाला, आणि आवाज गेला. आवाज म्हणजे शब्द गेले. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं, पण तोंडातून नुसता "अं अं" निघायचा. नागपूरला ठेवलं, बरे झाले तेवढे झाले, आणि उरलेल्या सुयांची पिशवी घेऊन घरी आले. घरी फक्त त्यांची बायको, काकू. मुलगा सुधीर मलाजखंडला तांब्याच्या खाणीत अधिकारी. बालाघाटहून मलाजखंड म्हणजे काही परदेश नव्हे, सकाळी निघालं तर माणूस जेवायच्या आधी पोचतो. पण त्याची ड्युटी, मुलांची शाळा, क्वार्टरमधली कसली कसली कामं. येणं काही होत नव्हतं.

मात्र सुईच्या बाबतीत सुधीर एकदम पक्का. पहिल्याच दिवशी मला फोन केला. "सिस्टर, टायमिंग शाम को छह बजे रखो. मी ड्युटीवरून येतो तेव्हा. मले व्हिडिओवर दाखवत जा." मला वाटलं, चला, एक तरी मुलगा निघाला काळजीचा. सहा वाजता काकू मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून पलंगासमोर ठेवायच्या. त्याआधी काकांचे केस विंचरायच्या, बनियान बदलायच्या, स्वतःचा पदर नीट करायच्या. मी कुपी फोडून औषध सलाईनच्या छोट्या बाटलीत मिसळायची, हळू थेंब लावायची. ही सुई घाईने गेली तर माणसाला घाम फुटतो, गरगरतं. म्हणून सगळा डोस जाईपर्यंत मी बसून राहायची आणि तेवढा वेळ सुधीरही फोनवर असायचा. बोलायचा माझ्याशीच जास्त. ड्रिप स्लो ठेवा, हाताला सूज नाही ना, कंपनी तीच आहे ना. मधूनच म्हणायचा, "बाबा, कैसे हो? अच्छे हो जाओगे." एवढंच.

पण त्या एवढ्यावर काकांचा चेहरा फिरायचा. उजव्या बाजूला ते एरवी बघतच नसत. ताट उजवीकडे ठेवलं तर अर्धं जेवण तसंच राहायचं. पण सुधीरचा आवाज आला की मान उजवीकडे वळायची, कारण डबा उजवीकडे होता. तोंड हलायचं. एक दिवस "सु" निघालं. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग कधी "सु", कधी "सुधी". सुधीर फोनवर म्हणाला, "देखा? दवाई का असर." काकूही म्हणाल्या, दवाईचा असर. मी डॉक्टर नाही, असेलही सुईचा काही वाटा. पण दुपारी मी बीपी बघायला जायची तेव्हा कधी "सु" निघालं नाही. सकाळी काकू तोंडाचे व्यायाम घेत, तेव्हाही नाही.

पहिला कोर्स झाला, मध्ये खंड गेला, नागपूरच्या डॉक्टरांनी दुसरा लिहून दिला. तोही झाला. काकू त्यांना दाखवून आल्या तेव्हा चिठ्ठीवर सुई नव्हती. बीपीची गोळी, रक्त पातळ ठेवायची गोळी, व्यायाम आणि बोलणं. डॉक्टर म्हणाले, सुईचं काम संपलं, आता पुन्हा पुन्हा देण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं. काका झोपले होते, तरी हळू आवाजात बोलल्या.

"सिस्टर, आनखी एक कोर्स लिहून आनता येईन का कोनाकून?"

"काहून काकू? डॉक्टर नाही म्हणाले ना?"

"हौ, नाही म्हणे. पन सुई असली का सुधीरचा फोन येते."

मी म्हटलं, मग तो सुईशिवायही करेल की. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं आपण लहान मुलाकडे पाहतो. "मधात खंड होता तवा आला का एक तरी फोन? दिवाळीले करते तो, आन वाढदिवसाले. यायले त्याच्याच आवाजानं बोली येऊन राह्यली, तुमाले दिसत नाही का?"

म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. इतके दिवस दोघींनी एकच गोष्ट पाहिली होती आणि दोघी गप्प होतो.

"औषध आहे काकू, उगाच नाही देता येत."

"मंग दवाई नोका टाकू. नुसतं पानी लावा. सलाईन तं पानीच असते ना?"

मी नाही म्हटलं. काकांच्या हातावर शीर उरली नव्हती, मनगटापासून कोपरापर्यंत निळे-पिवळे डाग होते. त्या हातात कारण नसताना पुन्हा सुई खुपसायची? इतकी वर्षं मी सुया टोचल्या, पण कारणाशिवाय एकही नाही. मी म्हटलं, मी सुधीरशी बोलते. त्याला नीट समजावून सांगते, शिकलेला मुलगा आहे. काकू म्हणाल्या, "नोका सांगू." मी ऐकलं नाही. खरं सांगितलं की माणूस वागतो, असा माझा तेव्हा समज होता.

संध्याकाळी मी घरून फोन लावला. सगळं सांगितलं. की सुईचं काम झालं, आता बाबांना तुमचा आवाज हवा आहे. रोज सहालाच करा, जमेल तेवढा वेळ करा, नाव विचारा, रेल्वेच्या गोष्टी काढा, ते तुमच्या आवाजाकडे वळतात. सुधीरने शांतपणे ऐकून घेतलं.

"मतलब सिस्टर, आता ट्रीटमेंट काही नाही?"

"हीच ट्रीटमेंट आहे आता."

"नाही, मतलब मेडिसिनचं. चला, बढिया. एक टेन्शन कम झालं. तुम्ही लोक आहातच तिथे. कुछ भी लगे तो बताना, मी लगेच भिजवतो."

भिजवतो म्हणजे पाठवतो. इतकी वर्षं हिंदीत राहून आमची मराठी अशी झाली आहे, त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी. सहा वाजले, डब्याला टेकवलेला मोबाइल तसाच काळा. काकूंनी केस विंचरून ठेवले होते. काका उजवीकडे मान वळवून बघत राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. मग ते उजवीकडे बघेनासे झाले आणि पुन्हा अर्धं ताट उरायला लागलं. काकूंनी एकदा स्वतःच फोन लावला, तर सुधीर म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे. काही इमर्जन्सी आहे का?" इमर्जन्सी नव्हती.

मी बीपी बघायला गेले तेव्हा काकूंनी पाणीसुद्धा विचारलं नाही. पट्टा सोडून निघाले तर दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुमी खरं बोलून मोकळ्या झाल्या, सिस्टर." स्कूटी सुरू होईना, दोनदा किक मारली, तोवर त्या दारातच उभ्या होत्या. मला राग आला होता. सुधीरचा आला, काकूंचा आला आणि त्या कंपनीचा आला जिच्या डब्यावर हसणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र असतं. त्या चित्रातही म्हाताऱ्याजवळ मुलगा बसलेला दाखवतात.

मग बरेच दिवस त्यांनी मला बोलावलं नाही. बीपी जवळच्या मेडिकलवाल्याकडून मोजून घेतात, असं कानावर आलं. एक दिवस पलीकडच्या गल्लीतलं ड्रेसिंग आटोपून परत येताना मला राहवलं नाही. दार लोटलेलंच होतं. आतून सुधीरचा आवाज आला. मला वाटलं, आला! बापाला भेटायला आला एकदाचा. चपला काढून आत गेले.

सुधीर मोबाइलमध्ये होता. मोबाइल डब्याला टेकवलेला. पलंगाच्या वर, मी सलाईन अडकवायची त्या खिळ्याला माझीच जुनी रिकामी बाटली उलटी टांगलेली. तिची नळी खाली काकांच्या हातापर्यंत आणून वर पांढरी पट्टी गुंडाळली होती, चांगली जाड, व्यवस्थित. सुई कुठे नव्हतीच. पट्टीच्या आत नळीचं टोक दाबून बसवलं होतं आणि काकूंचा हात त्यावर होता. मला पाहून काकूंचा चेहरा पांढरा पडला. ओठांवर बोट ठेवायचीही सोय नव्हती, कारण कॅमेऱ्यात त्या दिसत होत्या. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"आई, आज सिस्टर नाही आली का?" फोनमधून विचारणा झाली. "मी कधी फोन करतो तर सिस्टर दिसतच नाही. नवीन डॉक्टर ने जो लिखा है, वो बराबर दे रही है ना?"

म्हणजे काकूंनी त्याला नवा डॉक्टर आणि नवी चिठ्ठी सांगितली होती. काका उजवीकडे बघत होते. त्यांचं तोंड हलत होतं. शब्द जमवताना माणसाच्या कपाळावर जी शीर उठते ती उठली होती. मी दारात उभी होते आणि मला पुन्हा खरं बोलता आलं असतं.

मी पुढे गेले. बाटलीला हात लावला, नळीवर टिचकी मारली, जशी हवेचा बुडबुडा घालवायला मारतात, आणि मोबाइलसमोर वाकून म्हटलं, "आले, आले. लावून हात धुवायला गेले होते. चालू आहे."

"ड्रिप स्लो है ना?"

"एकदम स्लो."

"सुधीर," काका म्हणाले.

अख्खं नाव. "र" सकट. काकूंनी तोंडात पदर कोंबला. फोनमध्ये सुधीर खूश झाला. खरोखर खूश झाला, तेवढं मी त्याच्या पदरात घालते. "देखा सिस्टर? असर होऊन राह्यला. मी सांगतलं होतं ना. आता ही सुई बंद नका करू."

"नाही करत," मी म्हटलं.

फोन बंद झाल्यावर काकूंनी पट्टी सोडली, नीट गुंडाळली, उशाखाली ठेवली. मग माझ्यासाठी चहा टाकला आणि गॅसजवळूनच म्हणाल्या, "उद्या बी येजा. तुमी दिसल्या का त्याले भरवसा वाटते."

तेव्हापासून मी रोज सहाला तिथे असते. जन्मभर खऱ्या सुया लावल्या, त्या नोकरीत एकदा कोणी थांबून विचारलं नाही की सिस्टर, जेवलात का. आता खोट्या सुईला मला चहा मिळतो. काका पाच-सहा शब्द बोलतात. परवा "स्टेशन" म्हणाले. सुधीर रोज फोनवर असतो, रोज विचारतो की डोस पूर्ण गेला ना, आणि मी रोज हो म्हणते. बाटली त्याच्या डोळ्यांसमोर टांगलेली असते. उन्हाने पिवळी पडली आहे, आत एक थेंब नाही, बुडाशी तर आता कोळ्याने जाळं केलं आहे. सुधीरने अजून विचारलेलं नाही.